पहाटे चारची पानं

झाडाच्या पानालाही पोट असतं, असं मामांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते त्यांनी जे डोक्यात धरलं ते धरलंच. उजेड असेपर्यंत पान साखर बनवतं, लागेल तेवढी वापरतं आणि उरलेल्या साखरेचं स्टार्च करून स्वतःतच साठवून ठेवतं. अंधार पडला की तोच साठा थोडा थोडा मोडत रात्र काढतं. मोठ्या लोकांसाठी हे शास्त्र होतं, मामांसाठी ती नोकरी होती. संध्याकाळी पान तोडायचं, पहाटे पान तोडायचं आणि पोटात शिल्लक किती ते बघायचं. सव्वीस वर्षं पानांची पोटं तपासणारा हा माणूस स्वतः मात्र पहाटे चहाचा घोटही न घेता घराबाहेर पडायचा.

प्रयोगशाळेत हरकाम्या माणसाला सगळे मामाच म्हणतात. त्यात वेगळं काही नाही. पण ह्या मामांना पाठीमागे 'घड्याळमामा' म्हणायचे, कारण ते वेळेला एवढे पक्के की त्यांना बघून लोकांनी मनगटावरचे काटे सरकवावेत. तोडणीची वेळ सहा म्हणजे सहा. ग्रोथ रूममधले, म्हणजे झाडं वाढवायच्या बंद खोल्यांतले दिवे रात्री दहाला आपोआप विझत आणि सकाळी सहाला लागत. मधले आठ तास म्हणजे झाडांची रात्र. पानं तोडायची ती ही रात्र संपता संपता, दिवे लागायच्या आत. खोलीत फक्त एक मिणमिणता हिरवा बल्ब, कारण हिरवा उजेड झाडांच्या फारसा कामाचा नसतो. त्या उजेडात हातही हिरवा दिसतो आणि पानही, आणि कात्री कुठे चालवायची हे डोळ्यांपेक्षा बोटांनाच जास्त कळतं.

तोडलेलं पान लगेच गरम स्पिरिटमध्ये टाकायचं. हिरवा रंग सगळा स्पिरिटमध्ये उतरतो आणि पान कागदासारखं पांढरं होऊन बाहेर येतं. मग ते बशीत पसरून वर आयोडीन ओतायचं. संध्याकाळचं पान असेल तर बघता बघता शाई सांडल्यासारखं काळंनिळं होतं. सकाळी सहाचं असेल तर फिकट पिवळसर राहतं. साठा संपला, पोट रिकामं. मग बशीचा फोटो काढायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचं: खोली, ट्रे, तोडणीची वेळ, सही. फोटोवर कितीही मोठी माणसं कितीही बोलोत, त्या पानाची वेळ कोणती होती हे जगात एकाच जागी लिहिलेलं असायचं, आणि ते मामांच्या हातचं असायचं.

पूर्वी ह्या कामाला दोघे होते. मामा आणि त्यांचा जोडीदार. खोल्याही दोन, त्यामुळे एकेकाने एकेक घ्यायची, अर्ध्या तासात मोकळे. जोडीदार निवृत्त झाला आणि त्याची जागा भरायची राहून गेली. अशा जागा राहूनच जातात. वरच्या लोकांना कागदावर दोन खोल्या दिसतात, दोन तोडण्या दिसतात. मधे जिना चढून-उतरून धापा टाकणारा माणूस दिसत नाही. मामा पाचला येऊन दोन्ही खोल्या एकट्याने उरकायला लागले. तक्रार केली नाही. तक्रार करणं त्यांना कधी जमलंच नाही, आणि ज्याला ते जमत नाही त्याच्याच डोक्यावर नेहमी दुसरी पाटी ठेवली जाते.

मग त्यांची बायको पडली. एका दुपारी ओट्याशी उभी असताना उजवं अंग गेलं, आणि तिथून ती खाटेवरच आली. बोलणं जड झालं, गिळणं त्याहून जड. लाळ घशात अडकली की कुणीतरी तिला कुशीवर वळवायला हवं, नाहीतर श्वास कोंडायचा. घरात माणसं तीन: ती, मामा आणि लेक. लेकीची गिरणीतली पाळी सकाळी सहाची. फाटक बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणजे पावणेसहाला घर सोडायचं. मामा परत येईपर्यंत साडेसहा व्हायचे. मधला पाऊण तास घरात एकटी बायको आणि एक भिंत.

पहिला महिना निभावला. मग एका सकाळी मामा घरी आले तर बायको खाटेखाली पालथी पडलेली, गाल फरशीला चिकटलेला, डोळे उघडे. किती वेळ तशी होती कोण जाणे. त्यांनी तिला उचललं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो... हाक... मारत होते." तिच्या तोंडातून हाक कशी निघणार होती? पण तिने मारली होती. मामांना ते शब्द पुढे कितीतरी दिवस जेवताना, सायकल चालवताना, कात्री धुताना ऐकू येत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मामा चारला कामावर जाऊ लागले. वरच्या मजल्यावरची खोली चारला, खालची पाचला, साडेपाचला सायकलवर, पावणेसहाला दारात. लेक बाहेर, बाप आत. वरची खोली आधी का, तर खालची फाटकाजवळ होती. तिथून थेट सुटता यायचं. बस, एवढाच विचार. रजिस्टरमध्ये वेळेच्या रकान्यात त्यांनी पहिल्या दिवशी पेन टेकवलं आणि थोडं थांबले. चार लिहिलं तर विचारणा होणार, विचारणा झाली की पाळी बदला, अर्ज द्या, बघू, करू. त्यांनी सहा लिहिलं. दोन तासांनी पानाला काय होतंय, असं स्वतःला समजावलं. सव्वीस वर्षं पानं बघणाऱ्या माणसाला हे समजावताना आतून काहीतरी टोचलं असणारच. पण बायको फरशीवर पडलेली असताना असल्या टोचणीकडे कोण बघतो?

वरच्या मजल्यावरची झाडं ताईंची होती. ताई म्हणजे पीएचडी करणारी मुलगी, मामांच्या लेकीएवढीच. बारीक चण, चालणं असं की मागून कुणी काठी घेऊन लागलंय. बाकीचे विद्यार्थी "मामा, ट्रे!" एवढंच ओरडायचे, ही जिना उतरून खाली यायची, "मामा, काकू कशा आहेत?" विचारायची आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबायचीही. तिची झाडं वेगळ्या वाणाची होती. खालच्या खोलीतली साधी झाडं पहाटेपर्यंत स्टार्च संपवतात, तशी ही संपवतात का, एवढाच तिचा सुरुवातीचा प्रश्न होता. खरं तर काही सापडेल अशी तिला फारशी आशाही नव्हती.

पण सापडलं! खालच्या झाडांची पानं आयोडीनमध्ये जवळजवळ फिकट, आणि तिची करडी-जांभळी. एकदा नाही, दरवेळी. तिने मोजमाप करून बघितलं तर साठ्याचा सरळ पाव भाग शिल्लक. झाड उपाशी नाही, वाढही चांगली, तरी रोज रात्री पाव भाग हातचा राखून ठेवतंय! असं झाड ह्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. तिचे मार्गदर्शक, मोठे सर, एरवी ताईंच्या टेबलाशी थांबायचेही नाहीत. आता पाहुण्यांना घेऊन यायला लागले. बाहेरगावच्या मोठ्या सभेत त्यांनी तो फोटो पडद्यावर दाखवला. ताईंच्या आईने म्हणे अख्ख्या गल्लीला सांगितलं.

त्याच आठवड्यात ताई धावत खाली आली आणि मामांचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं.

"मामा, ह्यात अर्धं काम तुमचं आहे. काय सापडलंय ते तुम्हाला नीट कळायलाच हवं."

"मला काय कळणार, ताई?"

"सोपं आहे हो. साधं झाड अंधार पडला की जणू हिशेब करतं. साठा एवढा, रात्र एवढी, मग तासाला किती खायचं? आणि सबंध रात्र त्याच बेताने खातं. ना घाई, ना ढिलाई. बरोब्बर दिवे लागायच्या वेळेला साठा संपतो. आठ तासांची रात्र असेल तर तासाला एक अष्टमांश. कळलं?"

"कळलं."

"मग सकाळी सहाला काही उरायला नको. आणि माझ्या झाडांत पाव उरतो!"

मामांनी मनातल्या मनात मोजलं. हे गणित त्यांना जमत होतं. तासाला एक अष्टमांश, तर दोन तासांना दोन. दोन अष्टमांश म्हणजे पाव. तिची झाडं काहीसुद्धा राखून ठेवत नव्हती. त्यांना अजून दोन तास जेवायचं होतं आणि त्याआधीच मामा त्यांना तोडत होते. खालच्या झाडांचा एकच तास बुडत होता, म्हणून ती जवळजवळ फिकट दिसायची.

तोंड उघडायचं होतं ते तेव्हाच. ताई समोर होती, खुशीत होती, आणि सगळं अजून तसं लहान होतं. पण सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून सहा वाजता वरच्या खोलीत उभं राहावं लागणार, आणि सहा वाजता बायको एकटी. मामा म्हणाले, "छान झालं, ताई." आणि कात्र्या धुवायला गेले. पुढचे दोन महिने ते चारलाच जात राहिले, सहा लिहीत राहिले. आता मात्र दोन तासांनी पानाला काय होतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, म्हणजे आता ती चूक राहिली नव्हती. ती लबाडी झाली होती, आणि मामा स्वतःशी तिला त्याच नावाने ओळखत होते.

बायको गेली ती एका दुपारी, मामा आणि लेक दोघंही घरात असताना. तेवढं तरी झालं. ताई आली होती. कोपऱ्यात लेकीच्या शेजारी बसून राहिली, पाणी आणून दिलं, निघताना मामांना म्हणाली, "तुम्ही या सावकाश. नवीन रोपं मोठी व्हायला अजून तीन आठवडे आहेत, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी पानांना हात लावू देणार नाही." मामांना तेव्हा रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं बायकोसाठी. ते तसं होतंही, पण सगळं तसं नव्हतं.

रोपं मोठी झाली. मामांना आता पहाटे पळत घरी यायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी मनाशी ठरवलं की वरची खोली सहाला टेकूनच तोडायची. बोलायची हिंमत नाही ना, मग पानंच बोलतील. खरं काय ते आपोआप बाहेर पडेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. भेकड माणसं असाच विचार करतात, आणि मामा ह्या बाबतीत भेकड होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी ताईंची पानं आयोडीनमधून फिकट पिवळी बाहेर आली. दुसऱ्या ट्रेची पण, तिसऱ्याची पण.

ताईंनी आधी आयोडीन बदललं. मग स्पिरिट. मग माती तपासायला दिली, पाणी तपासायला दिलं, दिवे मोजले, बियाण्याची जुनी पाकिटं काढून नव्याने पेरलं. पुन्हा महिनाभर थांबली. पुन्हा फिकट. तिची ती पळती चाल गेली. डबा तसाच घरी जायला लागला. सर आता तिच्या टेबलाशी थांबत होते ते वेगळ्या कारणासाठी, आणि त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू यायचा. प्रबंध द्यायला सात आठवडे राहिले होते. मामा सगळं बघत होते. पानं बोलली होती, पण जे बोलली ते तिला कळत नव्हतं, कारण तिने सगळ्यांवर संशय घेतला, रजिस्टरवर तेवढा घेतला नाही.

एका दुपारी स्पिरिटच्या खोलीत ती बशीकडे बघत बसली होती. मामा भांडी घासत होते.

"मामा, माझाच हात वाईट असेल," ती म्हणाली. "आधीचं सगळं मीच कुठेतरी चुकीचं मोजलं असणार. मला हे जमण्यासारखं नाहीच बहुतेक."

मामांनी नळ बंद केला.

"ताई, तुमचा हात चांगला आहे. आधीची पानं चारची होती."

"चारची म्हणजे?"

"पहाटे चारची. सहा मी नुसतं लिहीत होतो. ही घरी एकटी पडायची... लेकीची पाळी होती." त्यांना ह्याहून नीट सांगता येईना. "तुमची खोली चारला, खालची पाचला. सात महिने."

ताईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मोजायला काही नव्हतंच. "दोन अष्टमांश," ती म्हणाली आणि तिथेच ओल्या फरशीवर बसली. मग तिने विचारलं, "मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही छान झालं म्हणालात."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी सरांकडे येतो," मामा म्हणाले. "सगळं लिहून देतो. काय शिक्षा करायची ती मला करू देत. तुमच्यावर बालंट नको." हे मात्र ते मनापासून बोलले. नोकरी जाईल, नाव जाईल, जाऊ दे. ह्या पोरीचं काम खोट्यावर उभं राहायला नको, एवढं एकच त्यांना आता हवं होतं.

ताई दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा केस नीट विंचरलेले होते आणि आवाज एकदम सपाट.

"सरांना मी कारण सांगितलं नाही. आता तो रंग येत नाही, एवढंच सांगितलं. सर म्हणाले, पूर्वी जे करत होता तेच करा आणि मला दोन ट्रे आणून दाखवा. जास्त काही ऐकायचं नाहीये त्यांना."

"पूर्वी जे करत होतो ते म्हणजे..."

"मला माहीत आहे ते काय." तिने मान वर केली नाही. "सात महिने तुम्ही काकूंसाठी केलंत. माझ्यासाठी एक दिवस करा. दोनच ट्रे. चारला तोडा."

"ताई, हे बरोबर नाही."

"मग तेव्हा बरोबर होतं?"

मामांनी वाळत ठेवलेली कात्री उचलली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला ते वरच्या खोलीत होते. हिरव्या बल्बखाली एकेक पान कापून स्पिरिटमध्ये टाकलं. आयोडीन ओतलं. पानं करडी-जांभळी झाली, अगदी सभेत दाखवली होती तशी. घरी जायची घाई नव्हती. मामांनी रजिस्टर उघडलं आणि वेळेच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात चार लिहिलं. सही केली. तोडली चारला, लिहिलंही चार. आता ज्याला वाचायचं त्याने वाचावं. कितीतरी महिन्यांनी त्यांना छातीत मोकळं वाटलं. मग ते जिन्यात बसून राहिले.

आठला ताई आली. बशा बघितल्या, फोटो काढले, रजिस्टर ओढलं. मग त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मामा, इथे चुकून चार पडलंय."

"चुकून नाही, ताई."

तिने ते पान शिवणीपासून हळूच फाडलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि पुढचं कोरं पान उघडून रजिस्टर त्यांच्यासमोर सरकवलं. तिचे डोळे भरले होते, तरी तिने पेन पुढे केलं. "एकदाच, मामा," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना मला हे."

मामांनी पेन घेतलं. खोली लिहिली, दोन्ही ट्रे लिहिले, वेळेच्या रकान्यात सहा लिहिलं आणि सही केली. ह्या वेळी घरी कुणी एकटं पडलेलं नव्हतं, त्यामुळे स्वतःला सांगायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.